पुठ्ठा, नीळ आणि कन्हानची रेती: बकली पर्वताचं मॉडेल कसं करावं

मागच्या डिसेंबरात एका शाळेच्या प्रदर्शनात मी चार ध्रुवीय पर्वत मोजले. चारही थर्माकोलचे, शंकूसारखे निमुळते, वरून कापूस लावलेले, पायथ्याशी दोन-दोन पेंग्विन. त्यातला एक माझ्या नातीचा. रात्री जेवताना तिनं विचारलं, "आबा, माह्या पहाडाचं नाव काय?" त्याला नाव नव्हतं. तो कुठलाच पहाड नव्हता. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी नाव असलेला, नकाशावर बोट ठेवता येईल असा पहाड करायचा.

तो आम्ही केला. अंटार्क्टिकातला बकली पर्वत, बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या टोकाशी उभा असलेला. उंची २,६४५ मीटर, दक्षिण ध्रुवापासून सरळ रेषेत सुमारे ५६० किलोमीटर. हाच का, ते आधी सांगतो, कारण पुढची प्रत्येक कृती त्या कारणावर बेतलेली आहे.

मी नागपूरजवळच्या उमरेडच्या खुल्या कोळसा खाणीत सर्व्हे विभागात आरेखक होतो. कोळशाच्या थराला लागून राखाडी शेलच्या, म्हणजे गाळ दबून झालेल्या मऊ खडकाच्या पाट्या निघतात. हातोडीचा हलका ठोका दिला की वहीचं पान उलटावं तशा त्या उलगडतात आणि आत जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं दिसतं. मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. ते ग्लोसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ग्लोसा म्हणजे जीभ. ही झाडं पर्मियन काळातली, म्हणजे २९.९ कोटी ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीची. कामठीच्या वालुकाश्मातही ही पानं सापडतात. नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपल्या भागातले जीवाश्म गोळा केले, आणि त्यातल्या वनस्पतींचं वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात छापलं.

आता बकलीकडे या. डिसेंबर १९०८ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन यांची तुकडी ध्रुवाकडे जाताना तिथून गेली. त्यातले फ्रँक वाइल्ड कडा चढले आणि त्यांना दगडी कोळसा दिसला. चार इंचांपासून सात-आठ फुटांपर्यंत जाडीचे थर. मग ८ फेब्रुवारी १९१२. ध्रुवावरून परतणारे ब्रिटिश कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार सोबती याच पर्वताच्या पायथ्याशी थांबले. अंगात त्राण नव्हतं, शिधा कमी होता, तरी उरलेला दिवस त्यांनी दगड पाहण्यात घालवला. डॉ. एडवर्ड विल्सन यांना पानांचे ठसे असलेले दगड मिळाले. पाचही जणांचा परतीच्या वाटेवरच मृत्यू झाला. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला शेवटचा तंबू सापडला, तेव्हा घसरगाडीवर ३५ पौंड दगड तसेच होते. सोळा किलो. शेवटपर्यंत ते टाकले नव्हते. १९१४ साली केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सीवर्ड यांनी त्यातलं पान ओळखलं: ग्लोसोप्टेरिस इंडिका. इंडिका, म्हणजे भारतातलं.

उमरेडच्या शेलमधलं पान आणि ध्रुवाजवळच्या कड्यातलं पान एकाच जातीचं. मॉडेलमधून हेच दिसलं पाहिजे. म्हणून या पर्वतावर पांढरा रंग कमीत कमी लावायचा. त्याचं मोल उघड्या खडकात आहे.

नकाशा

मनानं डोंगर घडवू नका. रेमा नावाचा अंटार्क्टिकाच्या उंचीचा डेटा मिनेसोटा विद्यापीठाच्या ध्रुवीय नकाशा केंद्रानं सर्वांसाठी खुला ठेवला आहे. ब्राउझरमध्ये पाहता येतो, उतरवूनही घेता येतो. तो क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत उघडा आणि रास्टर मेनूतल्या कंटूर पर्यायानं ५० मीटर अंतराच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा काढा. संगणक येणारा एखादा भाचा-पुतण्या हे तासाभरात करून देतो.

दोन ठिकाणी जपा. पहिलं असं की रेमातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसून पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. त्यामुळे शिखराचा आकडा २,६४५ शी तंतोतंत जुळणार नाही, काही दशक मीटरांचा फरक पडेल. सगळ्या रेषा एकाच डेटामधून घेतल्या तर आकार अचूकच येतो. शिखराच्या पाटीवर मात्र २,६४५ लिहा.

दुसरी गोष्ट दिशेची. इथे मुलंच काय, शिक्षकही अडखळतात. अंटार्क्टिकाच्या नेहमीच्या नकाशात ध्रुव मध्यभागी असतो आणि शून्य रेखावृत्त वर जातं. ध्रुवापासून दूर जाणारी प्रत्येक दिशा उत्तर. बकली पर्वत १६४ अंश पूर्व रेखावृत्ताजवळ आहे, म्हणून या नकाशात त्याची उत्तर कागदाच्या खालच्या बाजूला, किंचित उजवीकडे येते. हिमनदी तिकडेच वाहते, दोनशे किलोमीटर उतरून समुद्रावर तरंगणाऱ्या रॉस हिमस्तराला मिळते. नकाशा छापल्या-छापल्या लाल पेनानं खालच्या बाजूला उत्तरेचा बाण काढून टाका. आम्ही तो काढायला विसरलो होतो, तर नातीनं निम्मे थर उलटे चिकटवले.

चौकट अशी घ्या की शिखर, त्याचे कडे आणि लगतचा हिमनदीचा पट्टा आत येईल. १:२५,००० या प्रमाणात ए-२ कागदावर छापा. साधारण १५ बाय साडेदहा किलोमीटरचा मुलूख त्यात बसतो. घरांचे प्लॅन छापून देणाऱ्या दुकानात हे काम होतं. दोन प्रती घ्या, एक कापायला आणि एक भिंतीवर.

उंची फुगवायची नाही

१:२५,००० का, तर या प्रमाणात ५० मीटर म्हणजे बरोबर २ मिलिमीटर, आणि बायंडिंगवाल्याकडचा राखाडी पुठ्ठा २ मिलिमीटरचाच मिळतो. एक समोच्च रेषा, एक पुठ्ठा. उभं आणि आडवं प्रमाण एकच राहतं.

पण करून पाहिलं की मुलं हिरमुसतात. समजा तुमच्या चौकटीतली सर्वांत खालची रेषा २,००० मीटरची आली, तर शिखरापर्यंत जेमतेम तेरा पुठ्ठे लागतात. सव्वीस मिलिमीटर. माझी नात म्हणाली, "आबा, हे तं चपटंच दिसून राह्यलं. पोळीवानी." ती चुकत नव्हती. पर्वत बुटका वाटतो कारण तो ज्या बर्फावर उभा आहे तो बर्फच दोन किलोमीटर उंचावर आहे.

इथे बहुतेक लोक उंची तिप्पट-चौपट करतात आणि डोंगराचा सुळका होतो. तसं करू नका. खाली ८ सेंटिमीटर उंचीचा पाया करा. २,००० मीटर भागिले २५,००० म्हणजे ८ सेंटिमीटर. टेबलाचा पृष्ठभाग ही समुद्रसपाटी. मग पायाच्या दर्शनी बाजूवर पट्टीनं आडव्या रेषा मारा. १ सेंटिमीटर २ मिलिमीटरवर नारिंगी रेषा: नागपूर, सुमारे ३१० मीटर. ४.७ सेंटिमीटरवर हिरवी: चिखलदऱ्याचा वैराट. ६.६ सेंटिमीटरवर तपकिरी: कळसूबाई, १,६४६ मीटर. कळसूबाईचा माथासुद्धा बकलीच्या पायथ्याच्या बर्फाखाली राहतो. तेरा पुठ्ठ्यांचा तो बुटका डोंगर एकदम टेबलापासून साडेदहा सेंटिमीटरवर जाऊन बसतो, आणि खोटं काही केलेलं नसतं. हे पाहिल्यावर नातीनं पुन्हा पोळी म्हटलं नाही.

पायासाठी प्लायवूडचे तुकडे असतील तर चौकट करून घ्या. नसतील तर फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा ८ सेंटिमीटर रुंद पट्ट्यांमध्ये कापून, मधाच्या पोळ्यासारखा एकमेकांत अडकवून उभा करा. वजनाला हलका, आणि वर माणूस टेकला तरी दबत नाही. पायाच्या बाजूंना एकच राखाडी रंग द्या. आपला नकाशा पृष्ठभागाचा आहे, पोटातल्या बर्फाचा नाही, तर तिथे काही रंगवू नये.

कापणं आणि चिकटवणं

नकाशाखाली कार्बन ठेवून रेषा पुठ्ठ्यावर उतरवा. प्रत्येक थरावर त्याची स्वतःची रेषा काळ्या पेनानं आणि वरच्या थराची रेषा निळ्या पेनानं. काळीवर कापायचं, निळीवर पुढचा थर बसवायचा. प्रत्येक थर पूर्ण कापायची गरज नाही, निळ्या रेषेच्या आत दोन सेंटिमीटर ठेवून मधला भाग काढून टाकता येतो आणि त्यातून वरचे लहान थर निघतात.

कटर मोठ्यांनी चालवावा. जाड पुठ्ठा एका दमात कापायला गेलं की पातं सटकतं. हलक्या हातानं तीन वेळा फिरवा. वळणावर पातं न वळवता पुठ्ठा फिरवा.

फेविकॉल पातळ करू नका. पाणी घातलं की पुठ्ठा फुगतो आणि वाकतो. पातळ थर लावा, वर वर्तमानपत्र, त्यावर पाट आणि विटा. रात्रभर ठेवा. आणि हे नागपूरकरांसाठी मुद्दाम: कूलरच्या खोलीत वाळवू नका. आम्ही एप्रिलमध्ये काम केलं. पहिल्या रात्री थर कूलरसमोर ठेवले आणि सकाळी कडा बोटभर उचललेल्या होत्या, कारण कूलरची हवा ओली असते. मग गच्चीवर उन्हात ठेवले तर उलट्या बाजूनं वाकले. मागच्या खोलीत, सावलीत, पंख्याखाली, वजन ठेवून. तीच जागा बरोबर.

बर्फ भरायचा, खडक भरायचा नाही

या कृतीतला हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुठ्ठ्यांचे थर चढले की सगळीकडे पायऱ्या दिसतात. सवयीनं आपण लगदा घेऊन सगळ्या पायऱ्या बुजवतो. थांबा. बकलीचे कडे थरांच्या खडकाचेच आहेत. वालुकाश्म, शेल, कोळसा, पुन्हा वालुकाश्म. शेल आणि कोळसा मऊ, ते लवकर झिजतात. वालुकाश्म टणक, तो पुढे राहतो. त्यामुळे तिथे खरोखरच पायऱ्या तयार होतात. आपल्या दख्खनच्या डोंगरांना ट्रॅप म्हणतात, तेही पायऱ्यांवरूनच. म्हणून खडकाच्या भागात पायऱ्या तशाच राहू द्या. फक्त कापलेल्या कडा कानसेनं थोड्या खडबडीत करा. बर्फाच्या भागात मात्र एकही पायरी दिसता कामा नये.

बर्फासाठी कागदाचा लगदा. जुनी वर्तमानपत्रं दोन दिवस भिजवा, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा, पिळून घ्या, फेविकॉल आणि मूठभर मेथ्या भिजवून वाटलेल्या घाला. माझी आजी लगद्याच्या टोपल्या करायची, त्यात मेथ्या असायच्याच. कीड लागत नाही आणि लगदा चिकट होतो. पावसाळ्यात काम असेल तर लगद्याचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड देऊ नका, आतून बुरशी धरते.

लगदा लावताना बोटं नेहमी वाहण्याच्या दिशेनं ओढा. हिमनदी नावाप्रमाणे वाहते. तिच्यावर लांबच लांब रेघा पडतात, कारण बाजूच्या कड्यांवरून पडलेले दगड बर्फ सोबत घेऊन जातो. या दगडांच्या रांगांना हिमोढ म्हणतात. ओल्या लगद्यावर जुन्या कंगव्यानं लांब, सलग ओरखडे काढा. मुलांना वाटतं ते सजावटीसाठी आहे. त्यांना सांगा की स्कॉट यांचा मुक्काम अशाच एका हिमोढाच्या आडोशाला होता, वारा लागत नव्हता म्हणून. नदी जिथे उंचावरून घसरते तिथे बर्फ फाटतो. तिथे आडव्या भेगा द्या, चाकूच्या उलट्या बाजूनं. ध्रुवीय पठारावरून बर्फ हिमनदीत उतरतो त्या भागातल्या अशाच फाटक्या उताराला शॅकल्टन हिमप्रपात म्हणतात.

खडक आणि बर्फ मिळतात तिथे बर्फ खडकाला घट्ट भिडवू नका. उघडा खडक उन्हानं तापतो, कड्याला आपटून वारा भोवरा धरतो, आणि कड्यालगत बर्फाला खोलगट चर पडतो. चमच्याच्या टोकानं तो चर कोरा. एवढ्याशा चरामुळे मॉडेल केकवरच्या क्रीमसारखं दिसत नाही.

रंग

बर्फाला शुद्ध पांढरा नको. बिअर्डमोरच्या वरच्या भागात वारा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो आणि खालचा जुना, टणक, निळसर बर्फ उघडा पडतो. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये कपड्यांची नीळ थेंब-थेंब घाला. नदीच्या मध्यभागी जरा जास्त निळा, कडेला पांढुरका.

खडकासाठी रंग कमी, माती जास्त. वालुकाश्माला कन्हान नदीची रेती. बांधकामाच्या ढिगातून वाटीभर मागून आणा, मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. पायरीच्या उभ्या भागावर फेविकॉल लावून रेती शिंपडा, वाळली की झटका. पिवळट-भुरका रंग आपोआप येतो. त्यात मधूनमधून राखाडी पट्टे शेलचे. या थरांना भेदत घुसलेला डोलेराइट नावाचा अग्निज खडक काही ठिकाणी कड्यांसारखा वर आलेला असतो. तिथे गेरूत काजळी मिसळून गडद तपकिरी द्या. हा खडक सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वी वितळलेल्या रूपात आला. नागपूरच्या पश्चिम भागाखालचा काळा बेसॉल्ट त्याच्याहून खूप अलीकडचा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पण दोघांचा जन्म तापलेल्या शिलारसातूनच.

कोळशासाठी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून चुरा आणला. तो लाकडी कोळसा, हे पाटीवर लिहा. विल्सन यांनी वहीत नोंदवलं होतं की कोळशाचे थर कड्यात सगळ्या उंचीवर दिसतात. म्हणून एकच जाड पट्टा ओढू नका, वेगवेगळ्या पायऱ्यांवर बारीक रेघा द्या. आणि आणखी एक प्रामाणिकपणा: आठ फुटांचा थर आपल्या प्रमाणात एक दशांश मिलिमीटर भरतो, केसाएवढा. डोळ्याला दिसेल अशी रेघ ओढली की ती फुगवलेली आहे, तेवढी तळटीप पाटीवर हवी. सर्व्हेच्या कामात जे वाढवून काढलं ते लिहून ठेवायचं, ही शिस्त मला पहिल्याच वर्षी लागली. ती मुलांनाही लागावी असं मनापासून वाटतं.

पेंग्विन ठेवायचे नाहीत. खुला समुद्र तिथून सहाशे किलोमीटरहून दूर आहे. पांढरं अस्वल तर उत्तर ध्रुवाकडचं. माणूस, तंबू, घसरगाडी या प्रमाणात दिसतच नाहीत. मुक्कामाच्या जागी लाल डोक्याची एक टाचणी पुरे.

दोन लाद्या

पर्वत झाला की शाडूच्या दोन छोट्या लाद्या करा, तळहाताएवढ्या. गणपतीच्या दिवसांत नागपूरच्या चितार ओळीत शाडू सहज मिळतो. त्यावर विणकामाच्या सुईनं ग्लोसोप्टेरिसचं पान कोरा. लांबट जीभ, मधली शीर जाड आणि थेट टोकापर्यंत, बाजूच्या शिरा कमानीसारख्या वळत कडेकडे जाणाऱ्या आणि एकमेकींत मिळून जाळी करणाऱ्या. आंब्याचं पान दाबून ठसा घ्यायचा मोह होतो, पण त्याच्या बाजूच्या शिरा ठळक आणि दूरदूर असतात, जाळी तशी दिसत नाही. हातानंच कोरा. एकावर एक दोन-तीन पानं पडलेली दाखवलीत तर आणखी चांगलं. त्या काळी बकलीचा भाग ध्रुवाजवळच होता. कित्येक महिने अंधार असायचा, झाडं पानं गाळायची, आणि पानांचे थरावर थर साचायचे.

दोन्ही लाद्या अगदी सारख्या करा. एकीच्या पाठीवर लिहा बकली, दुसरीच्या पाठीवर उमरेड. दोन्ही पालथ्या न घालता शेजारी ठेवा आणि येणाऱ्याला विचारा, इथली कोणती, तिथली कोणती? माणसं खूप वेळ बघतात. एक आजी दोन्ही हातात घेऊन म्हणाल्या, "दोन्ही एकाच झाडाची दिसते नं बापा." नातीनं मग गोंडवानाचं जोडकोडं काढून दाखवलं: भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, एकमेकांना लागून. १८८५ साली भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी त्या जुन्या भूखंडाला गोंडवानालँड म्हटलं. गोंडवाना म्हणजे आपलाच मुलूख. ज्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, नागपूर वसवलं, त्याच्या लोकांच्या नावावरून ध्रुवाजवळच्या खडकांनाही जग ओळखतं. हे सांगताना माझा आवाज आजही जरा कापतो.

खऱ्या जीवाश्मासाठी खाणीत किंवा खदानीत पोरांना नेऊ नका. कडे ढासळतात.

ऊन फिरवायचं

एवढी मेहनत ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात वाया जाते. बॅटरी घ्या. पर्वताच्या मध्यापासून एक मीटरची सुतळी बांधा आणि तेवढ्याच आडव्या अंतरावरून बॅटरी फिरवा. डिसेंबरच्या मध्यात तिथे सूर्य मावळत नाही. चोवीस तास आकाशात गोल फिरतो, सर्वांत खाली १८ अंशांवर आणि सर्वांत वर २८ अंशांवर. मॉडेलच्या बर्फापासून मोजून दक्षिणेला बॅटरी ३३ सेंटिमीटर उंच धरा, उत्तरेला येईपर्यंत ५४ सेंटिमीटरपर्यंत चढवा. दिशा आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. देवळात आपण उजवीकडून जातो, तिथला सूर्य पूर्वेकडून उत्तरेला आणि मग पश्चिमेला जातो.

स्कॉट यांचा ८ फेब्रुवारी दाखवायचा असेल तर बॅटरी आणखी खाली आणा: दक्षिणेला १८ सेंटिमीटर, उत्तरेला ३७. खोलीत अंधार करा. सावल्या कड्यांच्या पायऱ्यांवर पसरतात, कोळशाच्या रेघा एकेक करून उठून दिसतात, आणि लाल टाचणीची सावली बर्फावर लांब पडते. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा नात बराच वेळ बोलली नाही. मग तिनं विचारलं, "इतक्या थंडीत तो माणूस दगड पाहून राह्यला होता?" हो बाई. त्याच जागी.

सोळा किलो

मॉडेलच्या शेजारी एक पिशवी ठेवा. उरलेली कन्हानची रेती ओली न करता तराजूवर मोजून बरोबर सोळा किलो भरा. पाटी लावा: "हे वजन उचलून दाखवा." पोरं येतात, दंड फुगवून उचलतात, दहा पावलं चालतात. मग त्यांना सांगा की त्या पाच जणांना बकलीपासून पुढे अजून शेकडो किलोमीटर गाडी ओढायची होती.

तांदळाची साधी पिशवी घेऊ नका, पहिल्याच दिवशी बंद उसवले आणि रेती सभागृहभर झाली. पोत्याचं कापड घ्या, बंद पोत्याच्या तळाखालून आणून दोन्ही बाजूंनी दुहेरी शिवा, आणि आत आधी एक प्लास्टिकची पिशवी घाला म्हणजे बारीक रेती गळत नाही.